ओळीच्या शेवटी पाऊस नको

नमस्कार. मघाशी ओळख करून देताना "स्वतंत्र गायिका-गीतकार" म्हटलं, ऐकायला भारी वाटतं, पण त्याचा अर्थ एवढाच की लिहायचं मी, चाल लावायची मी, गायचं मी आणि केबलचा जॅक तुटला की सोल्डर करायचं ते पण मीच.

पहिलं गाणं कपड्यांच्या कपाटात डोकं घालून रेकॉर्ड केलं, कारण रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि माइक तोही पकडतो, कपडे तो शोषून घेतात. घरघर नको म्हणून फ्रिज बंद केला आणि लावायला विसरले, सकाळी फ्रिजखाली तळं! मग हेडफोन लावून ऐकलं तर, हे कोण गातंय? आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून आतून भरदार वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये ती हाडांतली बाजू नसते. हे कळेपर्यंत कित्येक महिने मी माइकला शिव्या घातल्या.

पण खरी शाळा झाली ती शब्दांची. ओळ होती, "दारात थांबला पाऊस". वहीत मस्त दिसत होती. चालीत शेवटचा सूर चार मात्रा लांबवायचा होता आणि नेमका तिथे आला 'स'. आता 'स' लांबवणार कसा, त्यात सूरच नसतो, नुसती हवा सुटते, आणि कंडेन्सर माइकनं, म्हणजे बारीकसारीक आवाजही पकडणाऱ्या माइकनं, ती अशी टिपली की सापाचा फुत्कार वाटावा. डी-एसर, म्हणजे रेकॉर्डिंगमधला 'स' दाबणारं साधन, लावून पाहिला, 'स' दबला खरा, पण जरा जास्त झाला की मी बोबडी! शेवटी ओळच फिरवली, "पाऊस दारात थांबला". आता शेवटी 'ला', त्या 'आ'वर हवं तेवढं थांबा. एवढ्यासाठी तीन आठवडे. बोलताना आपण शेवटचा 'अ' खातो, 'मन' म्हणजे 'मन्', गाताना तो परत उघडावा लागतो नाहीतर सुराला उभं राहायला जागा नाही. कविता लिहिताना हे कधी लक्षातच आलं नव्हतं, घशानं शिकवलं.

रिलीजचं थोडक्यात. गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे ते ॲप्सपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीमार्फत जातं, प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षरी आयएसआरसी कोड, म्हणजे त्याची स्वतःची ओळखखूण मिळते, आणि हक्क दोन वेगळे असतात, शब्द-चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. एका कंपनीनं माझ्याकडे दोन्ही कायमचे मागितले होते, करार सहा पानांचा आणि ही मेख पाचव्या पानावर. नाही म्हटलं.

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तर एक स्ट्रीम धरतात, आणि २०२४पासून मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याला रॉयल्टीच नाही. माझ्या गाण्यात सुरुवातीला ४२ सेकंद नुसती गिटार. म्हणजे मी तोंड उघडायच्या आधीच लोक पळाले तर? घाबरून ती ९ सेकंदांवर आणली. आकडे वाढले का? फारसे नाही. आणि मला ते अजून खुपतं, कारण पाऊस थांबला असं मी म्हणायच्या आधी तो गिटारवर पडत होता, तोच मी कापून टाकला.

आज इथे कोणी सेकंद मोजत नाहीये, तर ४२च्या ४२ वाजवते. एक मिनिट हं, खालची तार उतरलीये, जुळवून घेते.