‘सॉरी’ म्हणणारी बस

[दृश्य: इंग्लंडमधलं लीड्स शहर. संध्याकाळ, पावसाची भुरभुर. बसथांब्यावर रांग.]

बस येते. आत दिवे लागलेत, पण माणूस एकही नाही. ती थांबत नाही, पाणी उडवत निघून जाते. कपाळावर जिथे गावाचं नाव असायला हवं, तिथे अक्षरं चमकतात: ‘सॉरी, नॉट इन सर्व्हिस’.

आपल्याकडे डेपोला निघालेली एसटी असलं काही म्हणत नाही. कंडक्टर खिडकीतून हात हलवतो, फार तर ‘डेपो, डेपो’ ओरडतो. आपलं भागतं तेवढ्यावर. इथे बससुद्धा माफी मागते, आणि रांगेतल्या कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नाही.

केट फॉक्स या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी एक उद्योग केला. गर्दीत शिरून लोकांना मुद्दाम धक्के द्यायचे आणि धक्का खाणारा काय म्हणतो ते टिपायचं. शंभरातले सुमारे ऐंशी जण ‘सॉरी’ म्हणाले. म्हणजे धक्का बाईंचा, आणि माफी ज्याला लागलं त्याची!

मग या ‘सॉरी’ला माफी तरी म्हणावं का? इंग्लंड आणि वेल्ससाठी २००६ साली भरपाईविषयीचा एक कायदा झाला. त्याच्या दुसऱ्याच कलमात लिहून ठेवलंय की केवळ माफी मागितली म्हणून निष्काळजीपणा कबूल केला, असं होत नाही.

[दृश्य: ऑफिसमधलं रिकामं टेबल, संगणकाचा पडदा.]

मी लीड्सला नोकरीसाठी गेले तेव्हा माझं इंग्रजी चांगलं आहे, अशी माझी समजूत होती. पहिल्या महिन्यात एक अहवाल लिहिला. साहेबांचा मेल आला: ‘यू माइट वाँट टु हॅव अनदर लुक.’ मी मनातल्या मनात मराठी केलं, ‘वाटलं तर परत एकदा बघ.’ मला काही वाटलं नाही. मी बघितलं नाही.

शुक्रवारी साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. आधी पावसाबद्दल बोलले. मग म्हणाले, सहजच विचारतोय, तो अहवाल पाहायला तुला सवड झाली का? मी हसून सांगितलं, ‘नो, नॉट येट!’ ते म्हणाले, ‘राइट.’ आणि गेले.

त्या ‘राइट’चा अर्थ कळायला मला आणखी दोन महिने लागले. आपल्या साहेबाने ‘हे काय लिहिलंय? आजच्या आज बदला’ म्हणून कागद टेबलावर आपटला असता, तर त्याचं जे वजन, तेच त्या पावसाच्या गप्पांचं होतं.

[दृश्य: रात्रीचं आकाश, विमानाचा एकसुरी आवाज.]

२४ जून १९८२. लंडनहून ऑकलंडला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जंबो विमान मुंबई, मद्रास, क्वालालंपूर असे थांबे घेत जावाजवळ पोहोचलेलं. खाली गालुंगुंग ज्वालामुखी राख ओकतोय आणि विमान नेमकं त्या राखेत शिरलंय. एकेक करत चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना जे सांगितलं त्याचा मराठीत आशय असा: ‘एक छोटीशी अडचण आहे. चारही इंजिनं बंद पडली आहेत. ती सुरू करायची आमची पराकाष्ठा चालू आहे. तुम्हाला फार त्रास होत नसेल अशी आशा आहे.’

छोटीशी अडचण!

राखेच्या ढगाखाली आल्यावर इंजिनं सुरू झाली. राखेने घासून समोरची काच आंधळी झाली होती. तशातही विमान जकार्ताला सुखरूप उतरलं. मूडींचं ते वाक्य इंग्रज लोक आजही कौतुकाने सांगतात. ‘छोटीशी’चं काय करायचं, हे त्यांना घरीच शिकवलेलं असतं.

[दृश्य: कोरियातल्या डोंगररांगा. वारा.]

एप्रिल १९५१. कोरियातली इमजिन नदी. चिनी फौजांचा मोठा हल्ला सुरू आहे आणि ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची एक बटालियन टेकडीवर वेढली गेलीय. ब्रिटिश ब्रिगेडिअर टॉम ब्रॉडी यांना अमेरिकन जनरल रॉबर्ट सूल विचारतात, परिस्थिती कशी आहे? ब्रॉडी म्हणतात, ‘अ बिट स्टिकी.’ जरा चिकट आहे.

दुसऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याला याचा अर्थ लगेच लागला असता: आम्ही संपत आलोय. सूल यांना वाटलं, जड जातंय, पण निभावतंय. बटालियन टेकडीवरच राहिली. शेवटी पाचशेहून अधिक सैनिक चिन्यांच्या कैदेत गेले.

एका शब्दाने बटालियन बुडाली, असं सांगायला सोपं आहे आणि ते तसं सांगितलंही जातं. मला ते पुरतं पटत नाही. सोडवायला रणगाडे पाठवले होते, त्यांना पोहोचता आलं नाही. पण दोघांचीही मातृभाषा इंग्रजी होती आणि तरीही ‘जरा’ हा शब्द दोघांनी दोन वेगळ्या तराजूंत तोलला, एवढं खरं.

[दृश्य: कँटीनचा काउंटर, स्टीलची भांडी, वाफ.]

आता १९७० च्या दशकातल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर जाऊ. कर्मचाऱ्यांचं कँटीन. वाढायला भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने लागलेल्या. जेवायला येणारे बहुतेक जण सामान चढवणारे-उतरवणारे कामगार. आणि तक्रार अशी की या बायका तुसड्या आहेत, उर्मट आहेत. बायकांना कळेना की आपण बोलतो जेमतेम एक शब्द, त्यात कसला आलाय उर्मटपणा?

जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाने तोच एक शब्द टेपवर पकडला. ग्रेव्ही.

मांसाची ताटली घेतलेल्या माणसाला इंग्रज बाई विचारायची, ‘ग्रेव्ही?’ सूर शेवटी वर. आपल्या बायका म्हणायच्या, ‘ग्रेव्ही.’ सूर खाली. त्यांच्या लेखी तो प्रश्नच होता. इंग्रज कानाला मात्र ऐकू यायचं, ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या.’

टेप ऐकवली तेव्हा बायकांना आधी दोन्हींत काही फरकच जाणवेना. मग उलगडलं, आणि आजवर लोक आपल्याशी असे का वागत होते, याचा धागा त्यांच्या हाती लागला. हा सूर म्हणजे उद्धटपणा नव्हे, त्यांची विचारायची रीतच तशी, हे मुकादमबाईलाही समजलं. गम्पर्झ यांच्या अशा कामावर १९७९ साली बीबीसीने ‘क्रॉसटॉक’ नावाचा कार्यक्रमही केला.

सगळंच सुराच्या माथी मारू नये. त्या काळच्या ब्रिटनमध्ये वर्णद्वेष राजरोस होता, आणि तो काही सूर वर नेला म्हणून थांबणारा नव्हता. पण ही टेपची गोष्ट वाचली तेव्हा मला आपली पंगत आठवली. वाढपी रांगेतून फिरतोय, हातात भांडं, तोंडाने ‘मठ्ठा, मठ्ठा, जिलबी, जिलबी’. कसलं प्रश्नचिन्ह आणि कसलं काय! हवं त्याने वाटी पुढे करायची, नको त्याने पानावर हात आडवा धरायचा. यात कुणाचा अपमान झाल्याचं ऐकिवात नाही.

[दृश्य: कॉफीच्या दुकानातली रांग.]

आपली अदब असते कुठे? माझ्या मते क्रियापदाच्या शेपटात. ‘दे’ आणि ‘द्या’ यांत सगळा फरक आला. त्याच्याही वर ‘देता का’, ‘द्याल का’, आणि पुढे एक ‘जरा’ लावला की झालं. ‘कृपया’ आपण बोलत नाही. ते पाटीवर असतं, ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’. आणि पुण्यातली पाटी असेल तर त्या ‘कृपया’चीही भीती वाटते.

लीड्समध्ये कॉफीच्या काउंटरवर मी मनात म्हणत होते, ‘एक कॉफी द्या.’ अगदी अदबीने. तोंडातून बाहेर आलं, ‘गिव्ह मी वन कॉफी.’ इंग्रजीत ‘गिव्ह’ला शेपूटच नाही, ‘द्या’मधला ‘या’ वाटेतच गळून पडला. काउंटरवरच्या मुलीने कॉफी दिली, पण तिचा चेहरा अजून आठवतो. माझ्या मागचा माणूस म्हणाला, ‘कुड आय पॉसिब्ली हॅव अ टी, प्लीज, इफ दॅट्स ऑल राइट?’ पैसे देऊन चहा घ्यायचा, त्यात ऑल राइट नसायला काय झालं? तेव्हा मला हसू आलं होतं. आता मीही तसंच मागते.

[दृश्य: कोल्हापूर. स्वयंपाकघर, चुलीवर पातेलं.]

दोन वर्षांनी तेच साहेब कामानिमित्त पुण्याला आले आणि हौसेने आमच्या घरी कोल्हापूरला आले. आईने मिसळ केली होती. ब्रेडचे स्लाइस, वर शेव, वाटीत कट. पहिल्या घासाला साहेबांचे कान लाल झाले. ते म्हणाले, ‘इट्स क्वाइट वॉर्म, इझन्ट इट?’

आईने विचारलं, काय म्हणतोय? मी बेसावध. ‘गरम आहे म्हणतात.’

‘मिसळ गरमच खायची असते,’ आई म्हणाली.

थोड्या वेळाने ती पळी घेऊन आली. साहेबांपाशी थांबली आणि म्हणाली, ‘कट.’ सूर खाली.

साहेबांनी वर पाहिलं. घाम पुसला. ‘आय थिंक आय’म फाइन, थँक यू.’

‘फाइन’ आणि ‘थँक यू’ आईला येतात. ‘छान झालीय म्हणतोय गं,’ ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी तोंड उघडेपर्यंत पळी उपडी झाली होती.

साहेब ताटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘लव्हली.’