बॅटरीचा उजेड घरी मोजताना

(विज्ञान दिनानिमित्त वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. आज येताना घरातली बॅटरी सोबत आणा, असं निरोपात सांगितलं होतं. बऱ्याच जणांच्या हातात ती दिसतेय, बरं वाटलं. व्याख्यानाच्या शेवटी या बॅटऱ्यांचंच काम आहे.

इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी लोक रात्रीचं दारं धरायला जातात. ज्या आठवड्यात रात्रपाळीची लाईट असते, त्या आठवड्यात गव्हाला पाणी रात्रीच द्यावं लागतं. बांधावरून चालायचं, एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी. घोणस, फुरसं, मण्यार ही त्याच वेळी बाहेर पडणारी जनावरं. बांधावर पाऊल टाकताना पुढचं चार हात रान दिसलं पाहिजे, आणि रात्री दोन वाजताही दिसलं पाहिजे. ज्या वस्तूवर आपण इतका भरवसा टाकतो, ती विकत घेताना आपण काय करतो? दुकानात भरदुपारी ती भिंतीवर मारून बघतो आणि खोक्यावरचा आकडा वाचतो.

माझे वडील अशीच एक बॅटरी घेऊन आले होते. खोक्यावर दहा हजार लुमेन छापलेलं, आत एकच सेल. पहिल्या रात्री डोळे दिपले, दीड तासाने पायाखालचं दिसेना. त्या रात्री ते बांधावरून घसरले आणि मनगट मोडलं. मोजमापाच्या नादाला मी लागलो तो तिथून. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असा आकडा छापणारे पुष्कळ आहेत.

तो आकडा खरा असूच शकत नाही, हे उपकरण न लावताही कळतं. चांगला एलईडी एका वॅटमागे साधारण शंभर ते दीडशे लुमेन देतो. म्हणजे दहा हजार लुमेनसाठी सत्तर ते शंभर वॅट हवेत. बोटाएवढा तो लिथियमचा सेल, ज्याला १८६५० म्हणतात, त्यात साधारण दहा वॅट-तास ऊर्जा मावते. ती सहा ते नऊ मिनिटांत संपेल, आणि तेवढ्या वेळात बॅटरी हातात धरवणार नाही इतकी तापेल. सेलमध्ये किती वीज मावते ते एमएएचमध्ये लिहितात. त्याच सेलवर ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर तेही सोडून द्या. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मावतं.

आता लुमेन म्हणजे काय, ते आपल्या मोटारीवर बघू. मोटार एका सेकंदाला एकूण किती पाणी फेकते, तसा बॅटरीतून सगळ्या दिशांनी मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड म्हणजे लुमेन. तेच पाणी नळीच्या तोंडाशी अंगठा दाबून सोडलं तर लांब जातं. पाणी वाढत नाही, धार जोरकस होते. उजेडाच्या त्या धारेचा जोर म्हणजे कँडेला. आणि एखाद्या वाफ्यात प्रत्यक्ष किती पाणी पडलं, ते लक्स. एका चौरस मीटरवर एक लुमेन पसरला की एक लक्स. भर उन्हात लाखभर लक्स असतात, पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास.

हे तीन शब्द वेगळे ठेवले नाहीत तर सगळं मोजमाप वाया जातं. लांबवर झोत टाकणारी आणि पायाजवळ पसारा देणारी अशा दोन बॅटऱ्यांचे लुमेन अगदी सारखे असू शकतात. पहिली पलीकडच्या विहिरीवरचा पंप दाखवते, दुसरी मण्यार दाखवते.

डोळ्यांनी तुलना का जमत नाही, तेही सांगतो. आपला डोळा पौर्णिमेपासून भर दुपारपर्यंत सगळं सांभाळून घेतो, आणि सांभाळून घेण्याच्या नादात फरक दाबून टाकतो. एखादा उजेड दुप्पट वाटायला तो प्रत्यक्षात चौपट, कधी आठपट व्हावा लागतो. म्हणजे बॅटरी निम्म्यावर आली तरी 'जरा मंद झाली' एवढंच वाटतं. पण एक गोष्ट डोळा फार अचूक करतो: शेजारी-शेजारी ठेवलेले दोन उजेड सारखे आहेत की नाहीत, ते ओळखतो. फ्रान्समध्ये पिएर बुगेर याने १७२९ साली आपल्या ग्रंथात हेच पकडलं. डोळ्याला 'किती' विचारू नका, 'सारखं आहे का' एवढंच विचारा.

१८४० च्या दशकात जर्मनीत रॉबर्ट बुन्सेन यांनी याच तत्त्वावर एक साधन केलं. हो, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बर्नरला ज्यांचं नाव आहे तेच बुन्सेन. साधन म्हणजे कागदावरचा तेलकट डाग. भजी बांधून आणलेला कागद आठवा. उजेडाकडे धरला की तेलाचा डाग उजळ दिसतो, कारण तिथून उजेड आरपार येतो. तोच कागद टेबलावर ठेवला की डाग काळपट दिसतो.

हा बघा, साधा कोरा कागद. मध्ये खोबरेल तेलाचा एक थेंब, रुपयाएवढा पसरलेला. हा चौकटीत उभा केलाय. दोन्ही बाजूंना एकेक बॅटरी, समोरासमोर, तोंडं कागदाकडे. दिवे बंद करा बरं जरा. आता मी डावीकडून बघतोय आणि डाग उजळ आहे, म्हणजे पलीकडचा उजेड जास्त. पलीकडची बॅटरी मागे न्या. अजून थोडी. अजून. थांबा! डाग जवळजवळ दिसेनासा झाला. पुढच्या ओळीतल्यांना दिसतंय ना? कडा तेवढी पुसट उरलीय, कारण एक बॅटरी पिवळसर आहे आणि दुसरी निळसर. रंग जुळत नसला की डाग पूर्ण जात नाही.

आता टेपने अंतर मोजू. ही तीन मीटरवर आहे, ती सहा मीटरवर. अंतर दुप्पट म्हणजे जोर चौपट, कारण उजेड अंतराच्या वर्गाने पातळ होतो. एका थेंब तेलात आपल्याला दोन झोतांचं गुणोत्तर मिळालं. मात्र बॅटऱ्या हातभर अंतरावर ठेवून हे करू नका. बॅटरीतल्या आरशामुळे झोत जवळपास गोळा झालेला असतो आणि वर्गाचा नियम तिथे लागू पडत नाही. तीन मीटर तरी सोडा.

लक्समापक असेल तर हेच काम आकड्यात होतं. बॅटरी पाच मीटरवर ठेवली आणि झोताच्या मध्यावर २०० लक्स आले, तर २०० गुणिले ५ चा वर्ग, म्हणजे ५००० कँडेला. अमेरिकेत २००९ साली बॅटऱ्यांसाठी एफएल-१ नावाचं मोजमापाचं प्रमाण ठरलं. त्यात झोताचा पल्ला म्हणजे जिथे पाव लक्स उरतो ते अंतर. ५००० ला ०.२५ ने भागा, वर्गमूळ काढा, १४१ मीटर. खोक्यावर '१४१ मीटर' वाचलं तर एवढं लक्षात घ्या की तिथे नुसतं चांदण्याइतकं दिसणार आहे.

हा झाला झोत. एकूण उजेड मोजायचा तर तो सगळा कुठेतरी कोंडला पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळेत आतून पांढराशुभ्र असा पोकळ गोल वापरतात. १९०० च्या सुमारास ड्रेस्डेनच्या रिचर्ड उल्ब्रिख्त या अभियंत्याने तो व्यवहारात आणला. आत शिरलेला उजेड भिंतींवर पुन्हा पुन्हा आपटून इतका मिसळतो की तो कुठल्या दिशेने आला याला अर्थ उरत नाही.

आपला गोल म्हणजे हे थर्माकोलचं खोकं. औषधाच्या दुकानात इंजेक्शनं थंड ठेवायला अशी खोकी येतात आणि टाकून दिली जातात. नवं थर्माकोल विकत घेऊ नका. २०१८ च्या बंदीनंतर ते मिळवायच्या फंदात पडायचं कारणच नाही. जुनं स्वच्छ पुसून घ्या, आत उन्हाने पिवळं पडलेलं नको. थर्माकोलमधून उजेड आरपारही जातो, म्हणून बाहेरून काळा कागद गुंडाळलाय. एका बाजूला बॅटरीचं तोंड बसेल एवढं भोक. लहान-मोठ्या बॅटऱ्यांसाठी पांढऱ्या पुठ्ठ्याची ही कडी केलीत, म्हणजे कडेने उजेड सुटत नाही. शेजारच्या भिंतीला छोटी खिडकी, तिच्यावर बटर पेपर, आणि त्याच्यामागे उजेड मोजणारा संवेदक.

संवेदक म्हणून मी बीएच१७५० नावाची चिप आर्डुइनोला, म्हणजे प्रयोगांसाठीच्या छोट्या संगणक-पाटीला, जोडलीय. शे-दोनशे रुपयांत ती चिप मिळते आणि थेट लक्स सांगते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही कानाजवळ असाच संवेदक असतो, तुलनेपुरता तो चालतो. फोन मात्र दर वेळी तोच आणि त्याच जागी हवा. पोरं एलडीआर, म्हणजे उजेडाने विजेचा रोध बदलणारा तुकडा, वापरतात, स्वस्त म्हणून. त्यात अडचण अशी की उजेड दुप्पट झाला म्हणून त्याचा रोध निम्मा होत नाही. शिवाय आधी तो अंधारात होता की उजेडात, यावरही आकडा थोडा हलतो.

माझं पहिलं खोकं फसलं, ते नीट सांगतो, कारण तुमचंही तिथेच फसेल. लांब झोताची एक बॅटरी सगळ्यांपेक्षा जास्त आकडा दाखवत होती. आनंदाने वहीत लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तीच बॅटरी भोकात जरा तिरकी बसली आणि आकडा निम्म्यावर आला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: झोताचा ठिपका समोरच्या भिंतीवर जिथे पडत होता, ती जागा संवेदकाला सरळ दिसत होती. मी एकूण उजेड मोजतच नव्हतो, ठिपका मोजत होतो. मग आत हा पांढऱ्या पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आता संवेदकाला ना बॅटरी दिसते, ना ठिपका. फक्त मिसळलेला उजेड दिसतो. बॅटरी मुद्दाम हलवून पाहा. आकडा फारसा हलला नाही तर खोकं जमलं.

दुसरी कसोटी मला जास्त आवडते. झाकणाला दुसरं भोक पाडा आणि दोन्ही भोकांत एकेक बॅटरी कायमची बसवून ठेवा. आधी पहिलीच लावा, मग दुसरीच, मग दोन्ही एकदम. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्याशी जुळली पाहिजे. एलडीआरची बेरीज कधी जुळली नाही, चिपची जुळते.

इथपर्यंतचे आकडे तुलनेचे आहेत. खरे लुमेन हवे असतील तर एफएल-१ प्रमाणे मोजलेली, भरवशाची एक बॅटरी खोक्यात लावा. ती २०० लुमेनची असून खोकं ५०० दाखवत असेल, तर पुढच्या प्रत्येक आकड्याला ०.४ ने गुणा. घरातला एलईडी बल्ब यासाठी नको. तो खोक्याच्या आत ठेवावा लागतो आणि स्वतःच उजेड अडवतो.

आणि आता ज्यासाठी मी हे खोकं केलं ते. उजेड एकदा मोजून थांबू नका. बॅटरी लावून तीस सेकंदांनी पहिला आकडा घ्या, कारण एलईडी तापला की उजेड उतरतो. मग दर दहा मिनिटांनी एक, थेट विझेपर्यंत, आणि आलेखाच्या कागदावर ठिपके. काही बॅटऱ्यांची रेघ पहिल्या मिनिटापासून घसरगुंडीसारखी उतरते. काहींमध्ये आत नियंत्रक असतो, त्यांची रेघ बराच वेळ सपाट राहते आणि मग एकदम कोसळते. खोक्यावर '६ तास' लिहिलेलं असतं त्याचा एफएल-१ मधला अर्थ असा की सहा तासांनी दहावा हिस्सा उजेड उरतो. दहाव्या हिश्शात बांधावर चालता येत नाही. मी निम्म्यावर रेघ मारतो आणि तिथपर्यंतचा वेळ धरतो. वडिलांच्या त्या बॅटरीचा तो वेळ पस्तीस मिनिटं निघाला. आता ते वापरतात ती दिसायला साधी आहे, दुकानात शेजारच्या बॅटऱ्यांपुढे फिकी वाटली होती, पण तिची रेघ साडेचार तास सपाट आहे. पाण्याची पाळी संपवून ते त्याच उजेडात घरी येतात.

चला, ज्यांनी बॅटऱ्या आणल्यात त्यांनी या टेबलाजवळ या. मनीषाताई वहीत नाव लिहून घेतील. सेल नवे की जुने, चार्जिंग कधी केलं, तेही सांगा, नाहीतर तुलना बरोबर होणार नाही. लहान तोंडाच्या बॅटऱ्या आधी घेऊ, म्हणजे कडं सारखं बदलावं लागणार नाही. आणि ते पंखे बंद करा, कागद हलतोय.