बाल्टिमोरच्या तळघरातून सूर्याकडे

[दृश्य : फोटोचा जुना छापा. एकाखाली एक तीन पट्टे.]

मधला पट्टा सूर्यप्रकाशाचा, म्हणजे रंगारंगात फाकलेल्या त्याच्या वर्णपटाचा आहे. त्याच्या वर आणि खाली दिसतो तो विजेच्या आर्कमध्ये, म्हणजे दोन कांड्यांमधल्या विजेच्या प्रखर ज्योतीत, जळणाऱ्या लोखंडाचा प्रकाश. लोखंडाची कुठलीही एक उजळ रेष धरा आणि तशाच सरळ खाली या. ती जिथे संपते, नेमकी तिथेच सूर्याच्या पट्ट्यात काळी रेष सुरू होते. पुढची धरा, तिथेही तेच. पंधरा कोटी किलोमीटरवर लोखंडाची वाफ आहे, आणि तिचा पुरावा टेबलावर ठेवून भिंगाखाली तपासता येतो.

या काळ्या रेषा नव्या नव्हत्या. १८१४ मध्ये भिंगं बनवणाऱ्या फ्राउनहोफर यांनी बव्हेरियात पाचशेहून जास्त मोजल्या होत्या. त्यांचा अर्थ लागला तो १८५९-६० मध्ये, जर्मनीतल्या हायडेलबर्गला. भौतिकशास्त्रज्ञ किरखॉफ आणि रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांनी दाखवून दिलं की, सोडियमची वाफ तापल्यावर जो पिवळा रंग बाहेर टाकते, तोच रंग मागून येणाऱ्या तेजस्वी प्रकाशातून गिळूनही टाकते. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या, दुसऱ्याशी न जुळणाऱ्या.

पण किरखॉफ सूर्याच्या वर्णपटाचा नकाशा हाताने काढत होते. डोळा दुर्बिणीला, पेन्सिल कागदावर. डोळे इतके शिणले की उरलेला नकाशा त्यांच्या शिष्याला पुरा करावा लागला. शिवाय जांभळ्याच्या पलीकडचा वर्णपट डोळ्याला मुळी दिसतच नाही. फोटोच्या काचेवरच्या चांदीच्या क्षारांना मात्र तो दिसतो.

[दृश्य : तळघराचा जिना. हळूहळू फिरणारं चाक.]

अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंड भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. प्रकाशाचे रंग फाकवायला त्यांना लोलक नको होता, ग्रेटिंग हवं होतं. ग्रेटिंग म्हणजे धातूच्या आरशावर हिऱ्याच्या टोकाने ओढलेल्या समांतर रेघा. एका इंचात १४,४३८! या रेघांमधलं अंतर ठरावीक टप्प्याने पुन्हा पुन्हा चुकत गेलं की वर्णपटात खोट्या रेषा उमटतात, आणि मग सूर्यात नसलेलं काहीतरी सापडल्याचा भास होतो.

म्हणून सगळी भिस्त दोन रेघांमधलं अंतर ठरवणाऱ्या एका स्क्रूवर होती. रोलंड यांनी लांब नट त्याच्यावर पुढेमागे फिरवत, एमरीची पूड आणि तेल घालून तो इतका घासला की आट्यांमधला फरक जवळपास उरला नाही. रेघा ओढणारं यंत्र तळघरात ठेवलं, कारण तापमान जरा बदललं तरी धातू फुगतो. एकेक ग्रेटिंग आखायला दिवस लागत. मला या साऱ्या गोष्टीत सगळ्यात थोर वाटतो तो हा स्क्रू.

१८८२ मध्ये त्यांनी रेघा अंतर्वक्र आरशावरच आखल्या. आता भिंगाची गरज उरली नाही. प्रकाश फटीतून येतो, आरशावर पडतो आणि वर्णपट होऊन थेट फोटोच्या काचेवर उतरतो. काचेच्या मधल्या भागावर आधी सूर्य घ्यायचा, मग तो झाकून कडांवर धातूचा आर्क घ्यायचा.

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. आर्कच्या कार्बन कांड्यांतच लोखंड, कॅल्शियम असे भेसळीचे अंश असायचे. तांब्याची म्हणून मिळालेली रेष खरंच तांब्याची की कांडीतल्या कॅल्शियमची, हे ठरवायला काचेशेजारी काच ठेवून निवडायला बसावं लागे, तांदळातले खडे निवडावेत तसं. सहायक ल्युइस ज्युएल यांनी वर्षानुवर्षं रेषा मोजल्या. १८९५ ते ९७ दरम्यान छापून आलेल्या तक्त्यात सुमारे वीस हजार रेषा आहेत.

[दृश्य : यादी हळूहळू वर सरकते.]

१८९१ पर्यंत सूर्यातली ३६ मूलद्रव्यं रोलंड यांच्या यादीत आली होती. लोखंडाच्या रेषा दोन हजारांहून अधिक, आणि शिशाची फक्त एक. त्या एका रेषेवर शिशाचं नाव यादीत आहे. सोनं मिळालं नाही. पारा, गंधक, रुबिडियम, सीझियम हेही नाहीत. आणि विजयदुर्गावर ज्याचा दिवस साजरा होतो, तो हेलियमही नाही. त्याच्या रेषा सूर्याच्या कडेला, वरच्या तेजस्वी थरात उमटतात, नेहमीच्या उन्हातल्या काळ्या रेषांत त्या सापडत नाहीत.

रोलंड यांना वाटलं होतं की पृथ्वी सूर्याइतकी तापवली, तर तिचाही वर्णपट बहुधा असाच दिसेल. १९०१ मध्ये, ५२ व्या वर्षी, ते मधुमेहाने गेले. त्यांची रक्षा त्याच तळघराच्या भिंतीत, रेघा ओढणाऱ्या त्या यंत्राजवळ ठेवली गेली.

[दृश्य : सूर्यावरचा डाग, जवळून.]

१९२० मध्ये कोलकात्याच्या मेघनाद साहांनी न दिसणाऱ्या मूलद्रव्यांचा प्रश्न हाती घेतला. त्यांचं म्हणणं होतं : रुबिडियम सूर्यात असणार, पण तिथल्या उष्णतेत त्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन निघून जातो आणि ओळखीच्या रेषा पुसल्या जातात. सूर्यावरचे डाग तुलनेने थंड असतात. तिथे शोधा.

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत घेतलेले डागांचे वर्णपट काढून पाहिले. रुबिडियमची रेष तिथे होती.