धरणाला देऊळ म्हटल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

तीस वर्षं मी सरकारी हिशेब तपासण्याची नोकरी केली. त्या काळातली एक फाइल अजून मनातून जात नाही. एका गावाची नळपाणी योजना होती. भूमिपूजनाचा खर्च अगदी चोख मांडलेला. मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, हारतुरे, कोनशिलेचा संगमरवर, त्यावर नावं कोरण्याची मजुरी. एकूण एक प्रमाणक जागेवर होतं. नळ मात्र गावाच्या वेशीपर्यंत येऊन थांबला होता, कारण रक्कम संपली होती. मी आक्षेप लिहिला. काही महिन्यांनी उत्तर आलं की कार्योत्तर, म्हणजे खर्च झाल्यानंतरची, मंजुरी घेतली आहे, तरी आक्षेप वगळावा. कागदावर सगळं नियमात बसत होतं, म्हणून वगळला. बायका वेशीवरून हंडे वाहतच राहिल्या.

त्या सुमारास मी राजाजी वाचायला घेतले. चक्रवर्ती राजगोपालाचारी. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय आणि शेवटचे गव्हर्नर जनरल. स्वातंत्र्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा मद्रासचं सरकार त्यांनी चालवलं. १९५४ साली भारतरत्न मिळालेल्या पहिल्या तिघांपैकी ते एक. या माणसाने १९५९ साली, वयाची ऐंशी वर्षं पूर्ण झालेली असताना, स्वतंत्र पक्ष काढला. ज्यांच्याबरोबर स्वातंत्र्याची लढाई लढले त्या पंडित नेहरूंच्याच धोरणाविरुद्ध काढला. ऐंशीव्या वर्षी माणूस नातवंडांच्या लग्नाची चिंता करतो. यांना देशाच्या तिजोरीची होती.

देशाला एक उजव्या विचाराचा, जबाबदार विरोधी पक्ष हवा, असं राजाजी उघड म्हणत. आपल्याकडे कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटलं की सनातनी असा अर्थ घेतात. मला तो पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने उभं राहिलेलं मोडण्याआधी जो दहादा विचार करतो, आणि दुसऱ्याच्या पैशाला हात लावताना ज्याला स्वतःच्या पैशापेक्षा जास्त संकोच वाटतो, तो माझ्या लेखी कॉन्झर्व्हेटिव्ह. त्या अर्थाने मीही आहे आणि ते सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

आता राजाजींचा आक्षेप नेमका कशाला होता?

दुसरी पंचवार्षिक योजना १९५६ साली सुरू झाली. सरकारी खर्च ४,८०० कोटी रुपये ठरला. त्यातले १,२०० कोटी, म्हणजे रुपयातले चार आणे, तुटीच्या अर्थभरण्यातून उभे करायचे होते. तुटीचा अर्थभरणा हा जड शब्द आहे. साध्या भाषेत सांगायचं तर उत्पन्न कमी पडलं की रिझर्व्ह बँकेकडून उचल घ्यायची आणि नव्या नोटा चलनात आणायच्या. नोटा वाढल्या पण धान्य, कापड, तेल तेवढंच राहिलं, की भाव चढतात. त्या पाच वर्षांत घाऊक भाव सुमारे ३० टक्क्यांनी चढले. या वाढीसाठी संसदेत कर म्हणून कुणी मत दिलं नव्हतं. पण पेन्शनवर जगणारा म्हातारा, शेतमजूर, महिन्याच्या पगारात घर चालवणारी बाई, प्रत्येकाच्या खिशातून ती वसूल झाली. ऋण काढून सण करू नये असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. इथे ऋण काढणारा एक आणि फेडणारा दुसराच होता, हे मला सर्वांत जास्त टोचतं.

असं होईल हे आधी सांगणारा माणूस होता. प्रा. बी. आर. शेणॉय. योजनेचा आराखडा तपासायला अर्थतज्ज्ञांचं जे मंडळ नेमलं होतं, त्यातल्या या एकट्याने १९५५ साली भिन्नमताची टिपणी जोडली. बचत जितकी आहे तितकीच उडी मारा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते मानलं गेलं नाही. १९५७ उजाडेपर्यंत परकीय चलनाची गंगाजळी इतकी झपाट्याने आटली की दुसऱ्या देशांच्या दारात मदतीसाठी जावं लागलं.

हा झाला खर्च. पण खर्चाला पाठबळ देतात ती प्रतीकं, आणि त्याविषयी मला जास्त बोलायचं आहे.

१९५४ च्या जुलैमध्ये नांगल कालवा सुरू करताना नेहरू भाक्रा धरणाच्या कामाने भारावून गेले होते. माणसं जिथे माणसांसाठी राबतात त्याहून मोठं देऊळ कुठलं, अशा अर्थाचं ते बोलले. त्यातली भावना खरी होती. हजारो मजूर तिथे दिवसरात्र खपत होते आणि भाक्राच्या पाण्याने पुढे पंजाब, हरियाणा, राजस्थानातली लाखो एकर जमीन भिजली. ते नाकारणं अन्यायाचं होईल. तरीही देऊळ या शब्दापाशी मी थांबते. देवळात आपण चपला बाहेर काढून, हात जोडून जातो. देवळाला जमाखर्च विचारायचा नसतो. धरणाला विचारायचा असतो. ज्यांची घरं बुडाली त्यांना काय दिलं, खर्च अंदाजाच्या किती वर गेला, पाटचाऱ्या कधी होणार, शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळणार की नाही, हे सगळं विचारायचं असतं. एकदा धरणाला देऊळ म्हटलं की हिशेब मागणारा माणूस नास्तिक ठरतो. माझ्या त्या नळयोजनेत वेगळं काय झालं होतं? कोनशिलेवर गुलाल पडला आणि त्या दिवसापासून नळाबद्दल विचारणं गावात अशुभ मानलं गेलं.

काँग्रेसचं निवडणूक चिन्ह त्या काळी बैलजोडी होतं. खेड्यातल्या माणसाने आपली बैलजोडी समजून त्यावर शिक्का मारला. दुसऱ्या योजनेत मात्र पहिलीच्या तुलनेत शेतीचा वाटा घटला आणि अवजड उद्योगांचा वाढला. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर इथे पोलादाचे कारखाने उभे राहिले. पोलाद नको असं मी म्हणत नाही. पण बैलांच्या नावावर कौल घेऊन भट्टीसाठी पैसा काढायचा, आणि त्याच काळात अमेरिकेतून गहू आणायची वेळ यावी? त्यावर १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव झाला. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला वाटलं, आता जमीनही जाणार. स्वतंत्र पक्षाचा जन्म त्या धास्तीतून झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पक्षाची पहिली परिषद भरली ती आपल्या मुंबईत.

नेहरूंना हे कळत नव्हतं असं नाही. १९५८ च्या नोव्हेंबरमध्ये पाटबंधारे आणि वीज खात्याच्या अभियंत्यांसमोर त्यांनीच सांगितलं, की भव्यतेचा एक रोग आपल्याला जडतो आहे. केवळ मोठं काम करून दाखवता येतं म्हणून मोठं काम हाती घेणं योग्य नाही, आणि लहान पाटबंधारे, लहान उद्योग देशाचा चेहरा जास्त बदलतील. देवळांच्या भाषणानंतर चार वर्षांनी हे बोलायला मोठं मन लागतं. दुःख एवढंच की पहिलं भाषण शाळेच्या पुस्तकांत गेलं आणि दुसरं फाइलीत राहिलं.

राजाजी नुसते बोलणारे असते तर मी आज त्यांच्यावर वीस मिनिटं मागून घेतली नसती. त्यांचं स्वतःचंही एक लाडकं प्रतीक होतं, दारूबंदी. १९३७ साली मद्रासचे पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असं म्हणत) झाल्यावर त्यांनी ती सेलम जिल्ह्यात सुरू केली. दारूवरचा कर हे तेव्हा प्रांताच्या उत्पन्नाचं मोठं साधन होतं. ते बुडणार हे उघड होतं. मग १९३९ साली त्यांनी मद्रासमध्ये सर्वसाधारण विक्रीकर आणला. व्यापारी चिडले, टीका झाली, ती त्यांनी अंगावर घेतली. आपल्या तत्त्वाची किंमत किती आणि ती कोण भरणार, हे त्यांनी लोकांना तोंडावर सांगितलं. दारूबंदी बरी की वाईट यावर तुमचं मत काहीही असो, हिशेबनीस म्हणून मला हा व्यवहार स्वच्छ वाटतो. तत्त्व हवं असेल तर बिल दाखवा आणि बिलावर सही करा.

गव्हर्नर जनरल म्हणून दिल्लीच्या त्या ३४० खोल्यांच्या वाड्यात राहायला गेल्यावरही त्यांनी आवारातल्या जमिनीवर गहू पेरायला लावला. देशात धान्याची टंचाई होती. तेवढ्या गव्हाने देशाचं पोट भरणार नव्हतं हे उघड आहे, म्हणजे तेही प्रतीकच. पण हे प्रतीक दुसऱ्याच्या खिशाला भार न देता उगवलं आणि कापून खाता आलं. पुढे १९५२ साली मद्रासमध्ये त्यांनी धान्यावरचं नियंत्रण आणि रेशनिंग उठवलं. उपासमार होईल असं भाकीत करणारे पुष्कळ होते. ती झाली नाही. परवाना, परमिट आणि कोट्याच्या कारभाराला त्यांनी पुढे ‘लायसन्स-परमिट राज’ असं नाव ठेवलं, त्यामागे हा अनुभव होता.

ते चुकले नाहीत असं मी म्हणणार नाही. १९५३ ची त्यांची अर्ध्या दिवसाच्या शाळेची योजना मला आजही पटत नाही. उरलेल्या अर्ध्या दिवसात मुलाने बापाचा धंदा शिकावा ही कल्पना जातीच्या चौकटीत मुलांना पुन्हा कोंडणारी होती. लोकांनी ती नाकारली आणि १९५४ साली त्यांना पद सोडावं लागलं. स्वतंत्र पक्षात संस्थानिक आणि उद्योगपती इतके होते की काटकसरीची भाषा त्यांच्या तोंडी सामान्य माणसाला परकी वाटली. पक्षाचे १९६२ साली १८ आणि १९६७ साली ४४ खासदार निवडून आले, लोकसभेतला तो सगळ्यांत मोठा विरोधी पक्ष झाला, पण पुढच्या सात वर्षांत तो संपला. घरखर्चाची वही सांभाळणाऱ्या बाईपर्यंत हा पक्ष पोचलाच नाही. खरं तर तिला यातलं सगळं न शिकवता समजलं असतं.

मुंबईने मात्र ही परंपरा काही वर्षं जपली. स्वतंत्र पक्षाचे नेते मिनू मसानी १९४३ साली मुंबईचे महापौर होते. पुढे लोकसभेत सरकारी खर्चावर त्यांनी केलेली भाषणं आकड्यांनी भरलेली असत, शिवीगाळीने नव्हे. १९५८ पासून कायदेपंडित नानी पालखीवाला अर्थसंकल्पावर बोलायला लागले. सुरुवात एका हॉटेलच्या दालनात झाली. पुढे श्रोते इतके वाढले की ब्रेबोर्न स्टेडियम घ्यावं लागलं. करांच्या कोष्टकांवरचं भाषण ऐकायला माणसं क्रिकेटच्या मैदानात दाटीवाटीने बसत. ज्या शहरात हे घडलं तिथे आज अर्थसंकल्प म्हणजे काय महाग आणि काय स्वस्त, एवढ्यावर चर्चा संपते, याचं मला फार वाईट वाटतं.

रेडिओ या माध्यमाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. निवडणुकीच्या काळात राजकीय पक्षांना आकाशवाणीवरून मतदारांशी बोलण्याची सोय पहिल्यांदा झाली ती १९७७ साली. राजाजी १९७२ च्या नाताळच्या दिवशी गेले. त्यांच्या पक्षाने लढवलेल्या एकाही निवडणुकीत हा ध्वनिक्षेपक त्यांच्यासमोर आला नाही. धरणाचं उद्घाटन घराघरांत ऐकू जाई, धरणाच्या खर्चावरचा आक्षेप जात नसे. म्हणून त्यांना ‘स्वराज्य’ या इंग्रजी साप्ताहिकातून आठवड्यामागून आठवडा लिहावं लागलं, आणि ते थोड्याच लोकांनी वाचलं.

त्याच साप्ताहिकात १९६४ च्या मे महिन्यात, नेहरू गेले तेव्हा, त्यांनी लिहिलं. नेहरू आपल्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, देशासाठी आपल्यापेक्षा अकरा पट महत्त्वाचे आणि देशाला आपल्यापेक्षा अकराशे पट प्रिय होते, असं त्यांनी म्हटलं. पाच वर्षं ज्यांच्या प्रत्येक मोठ्या खर्चावर बोट ठेवलं, त्यांच्याविषयी त्यांनी हे लिहिलं. मी ते कात्रण त्या नळयोजनेच्या आक्षेपाच्या प्रतीबरोबर एकाच पाकिटात ठेवलं आहे.

नमस्कार.