एक हल सोडून दोन हलांवर जाताना

नमस्कार श्रोतेहो. तळ्यावर छोट्या शिडाच्या होडीत हात बसला, की बऱ्याच जणांना कॅटामरान, म्हणजे दोन हल (पाण्यावर तरंगणारी होडीची धडं) शेजारी शेजारी जोडलेली होडी, खुणावू लागते. ऐसपैस, हलकी, वारा लागला की सुसाट. वेगाबद्दल तुम्हाला कोणीही सांगेल, म्हणून आज मी वळण्याबद्दल आणि उलटण्याबद्दल बोलणार आहे. तळ्यावरच्या माणसाने होडी निवडावी ती या दोन गोष्टी पाहून.

लेझर नावाच्या छोट्या शिडाच्या होडीसारखी एका हलची होडी सुकाणू फिरवताच गर्रकन वळते. कॅटामरानचे दोन लांब, अरुंद हल पाणी कापत सरळ जायला बनवलेले असतात, त्यांना वळायचा कंटाळा. त्यात होडी हलकी, त्यामुळे वळताना नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याच्या तोंडावर आली की वेग मरतो, होडी तिथेच अडकते आणि हळूहळू मागे सरकू लागते. अशा वेळी सुकाणूही उलटं चालतं! पुढचं छोटं शीड, म्हणजे जिब, असेल तर ते क्षणभर जुन्याच बाजूला धरून ठेवायचं. वारा नाळेला पलीकडे ढकलतो, मग ते सोडायचं. समुद्रावर असं वळण क्वचित घ्यावं लागतं; अरुंद तळ्यात मात्र काठ सतत समोर येत राहतो. तुमचं पाणी चिंचोळं असेल, तर जिब नसलेली होडी घेताना दोनदा विचार करा.

आता उलटणं. कॅटामरान रुंद असल्याने सहज कलत नाही, पण एकदा आडवी झाली की पूर्ण पालथी व्हायलाही तिला वेळ लागत नाही, आणि पालथी झाल्यावर ती तितकीच स्थिर! म्हणूनच काही होड्यांच्या डोलकाठीच्या टोकाला फुगीर तरंगा लावतात. आडवी होडी उभी करायची तर नाळ वाऱ्याकडे आणायची, खालच्या हलवर उभं राहायचं आणि दोरी धरून पाठ पाण्याकडे झोकायची. इथे जोरापेक्षा वजन लागतं. एकटे जाणार असाल तर या कसोटीवर बऱ्याच होड्या यादीतून गळतात.

सगळ्यात नावाजलेली हॉबी १६. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या हॉबी आल्टर यांनी आधी १९६८ मध्ये हॉबी १४ आणली आणि पाठोपाठ ही. पाच मीटर लांब, सुमारे १४५ किलो. तिचे हल बाहेरून सपाट आणि आतून फुगीर असतात, त्यामुळे सेंटरबोर्डशिवायही, म्हणजे होडी बाजूला घसरू नये म्हणून पाण्यात सोडायच्या फळीशिवायही, ती तिरपी वाऱ्याच्या विरुद्ध चढू शकते. सुंदर होडी! पण नाळ बारीक, जोराच्या वाऱ्यात ती पाण्यात घुसते आणि होडी कोलांटी खाते. शिवाय तिला उभी करायला साधारण दोन मोठ्या माणसांचं वजन हवं. कायमचा जोडीदार असेल तर मी हीच घ्यायला सांगेन. एकट्याला किंवा लहान मुलांना घेऊन जाणाऱ्याला मात्र हॉबी वेव्ह बरी. चार मीटरची, प्लास्टिकची, एकच शीड, आणि डोक्यावर आदळायला बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठीच नाही. जिब नाही ही तिची उणीव, पण ती आखूड असल्याने वळण निभावून जातं. मंद वाऱ्यात मात्र ती रेंगाळते. त्याला इलाज नाही.

जुनी होडी घेत असाल तर फायबरग्लासच्या हलचा वरचा भाग, विशेषतः पुढच्या आडव्या दांडीच्या आसपास, अंगठ्याने दाबून पाहा. दबून परत उसळला, तर आतला फोम सुटलेला आहे. छोटा भाग इपॉक्सी भरून सुधारतो, मोठा असेल तर नमस्कार करून निघा. प्लास्टिकच्या हलला हा रोग नाही, पण तो तडकला तर गोंद नीट चिकटत नाही. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांचे सुटलेले धागे आणि बसायच्या जाळीची शिवणही तपासा. आणि डोलकाठी उभारण्याआधी वर विजेच्या तारा नाहीत ना, ते पाहा. हॉबी १६ ची काठी आठ मीटरची आणि बहुतेक ॲल्युमिनियमची असते.

शेवटची सूचना विकणाऱ्याला आवडणार नाही, तरी आग्रह धरा. पैसे देण्याआधी काठाजवळ, पण काठी तळाला टेकणार नाही इतक्या खोल पाण्यात ती मुद्दाम आडवी करा, आणि नेहमी तुमच्यासोबत जे असणार आहेत तेवढ्यांनीच ती उभी करून दाखवा.