फुल थ्रॉटल: ४८ केबीमधली ५०० सीसी

आता स्क्रीनवर दिसतेय ती १९८४च्या कॉम्प्युटर गेममधली बाईक रेस. हो, हीच! समोर रायडरची पाठ, पुढे रस्ता, आणि एका बारक्या स्पीकरमधून येणारी ती घरघर, तासभर ऐकवली तर घरातलं कुणीतरी प्लग काढेल.

गेमचं नाव फुल थ्रॉटल. १९९५मधे लुकासआर्ट्सचा याच नावाचा आला तो वेगळा, त्यात स्टोरी आहे, इथे नुसती रेस. ब्रिटनच्या मायक्रोमेगा कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरसाठी काढला आणि लिहिला मर्विन एस्टकोर्टने, म्हणजे ज्याने आदल्याच वर्षी डेथचेस हा गेम केला होता तोच, झाडं चुकवत जंगलातून बाईक पळवायची, आणि तेही १६ केबी मेमरीत!

तेव्हा बाईक रेसिंगचा माहोल पण तसा होता बरं का. १९८३च्या ५०० सीसी वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या सीझनला होंडावर फ्रेडी स्पेन्सर, यामाहावर केनी रॉबर्ट्स, शेवटच्या रेसपर्यंत नुसती चुरस, आणि स्पेन्सर जिंकला फक्त २ पॉइंटने. ब्रिटनमधे तर त्यांचाच रेसर बॅरी शीनने लोकांना आधीच वेड लावलेलं.

स्पेक्ट्रम हे मशीन मात्र गरीब. साडेतीन मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ग्राफिक्सला वेगळी मदत शून्य, आणि ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनात दोनच रंग. त्यात एस्टकोर्टने ४० बाईकची रेस बसवली आणि आपल्याला उभं केलं सगळ्यात मागे.

मग याला सिम्युलेशन म्हणायचं का? बाईक आडवी होत नाही, हाडं मोडत नाहीत, दुसऱ्याला घासलात की स्पीड जातो, बास. पण माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे, कारण तेव्हाच्या गेममधे चुकलं की एक लाइफ गेली आणि परत सुरू, इथे लाइफच नाहीत, चुकलात की मघाशी घाम गाळून मागे टाकलेले लोक एकेक करून तुमच्या शेजारून निघून जातात आणि तुम्ही बघत बसता. रेसमधे शिक्षा अशीच असते ना?

भारतात डेसिबेल्स कंपनीने लायसन्स घेऊन स्पेक्ट्रम प्लस बनवला होता, त्यामुळे हे मशीन आपल्याकडे अगदीच अनोळखी नव्हतं. आता इम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, गेम सेकंदात लागतो. तेव्हा कॅसेटवरून ४८ केबी भरायला चार-पाच मिनिटं जायची, आणि शेवटी एरर आला की टेप रिवाइंड करून परत पहिल्यापासून.