कातर रे भाजी

नमस्कार, श्रोतेहो!

पणजीला जुन्या सचिवालयाला लागून एक पुतळा आहे. झगा घातलेला पाद्री, दोन्ही हात पुढे केलेले आणि समोर कलंडलेली बाई. पर्यटक विचारतात, हा जादूगार कोण? हे आपल्या कांदोळीचे आबे फारिया, जन्म 1756 चा. पुतळा घडवला रामचंद्र पांडुरंग कामत यांनी, 1945 साली. पाद्र्याचा पुतळा कामतांच्या हातून झाला, हे मला मनापासून आवडतं. असो.

गोष्ट अशी. पंधरा वर्षांचे फारिया वडिलांबरोबर लिस्बनला गेले, पुढे रोमला शिकून पाद्री झाले. लिस्बनला परतल्यावर राणी पहिली मारिया हिच्यासमोर प्रवचन करायचं बोलावणं आलं. आता बघा हं. समोर खुद्द राणी, दरबारी, मोठमोठे धर्मगुरू, सगळे गोरे. आणि वर उभा गोव्याचा सावळा पोरगा. तोंड उघडलं, तर शब्दच फुटेना! घशाला कोरड. खाली वडील बसलेले, तेही पाद्रीच. त्यांनी हळूच कोंकणीत म्हटलं, "ही सगळी भाजी, पुता. कातर रे भाजी!" झालं! भीती गेली आणि प्रवचन धो-धो सुरू. दरबाराला कळलंच नाही की आपली भाजी झाली! लोक ही गोष्ट अशी सांगतात आणि मीही अशीच सांगतो.

पण पोरगा घाबरला का? विद्या कमी होती म्हणून? नाही. त्या काळी गोव्याचा पाद्री कितीही शिकला तरी वरच्या जागा गोऱ्यांना. दिवाडीचे मातेउश द कास्त्रू 1637 साली बिशप झाले, तेसुद्धा रोमने केलं म्हणून. दीडशे वर्षांनी, 1787 मध्ये, कांदोळीला पिंतोंचं बंड, म्हणजे गोव्याच्या पाद्र्यांचा पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा कट, शिजलं त्यामागेही हीच सल होती. पंधराजणांना देहदंड झाला. पण गोऱ्यांकडे बरोबरी मागणाऱ्यांच्याच समाजात काही गावांतल्या कोंफ्रारिया, म्हणजे चर्चच्या भक्तमंडळ्या, जातीवर चालायच्या. आणि आपण हिंदूंनी हसायचं कारण नाही. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' अजून छापतोच की.

फारिया पुढे पॅरिसला गेले. तिथे 1813 पासून त्यांनी संमोहनावर व्याख्यानं दिली. झोपवणाऱ्याच्या हातातून काही गूढ द्रव वाहतो, असं तेव्हा मानत. फारिया म्हणाले, तसं काही नाही. जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं. पुन्हा सांगतो: झोपवणाऱ्याच्या हातात नाही, झोपणाऱ्याच्या मनात. कातडीच्या रुबाबाचंही मला तसंच वाटतं. समोरचा मानतो, तोवरच तो चालतो.

शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता, सख्ख्या बहिणी, ही आपली जुनी श्रद्धा. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू घरचंही तेल जातं. देवाच्या बाबतीत आपण इतके मोकळे. मग त्या देवाची लेकरं सांभाळायची जबाबदारीही सगळ्यांची, कुठल्या एका देवळाची किंवा इगर्जीची नव्हे. पण आफ्रिकेतून शिकायला आलेला मुलगा खोली बघायला आला, की 'भाड्याने देणे' ही पाटी टांगलेली असतानाच खोली कालच गेलेली असते. तेल नेणारे आणि खोली नाकारणारे हात एकाच घरातले असतात, श्रोतेहो. तुमच्या दारावर तशी पाटी असेल, तर पुढच्या वेळी आधी खोली दाखवा, भाडं सांगा, मग काय ते ठरवा.

नमस्कार.